जेएफटॉट वारंवार फेल होतोय? टाकीकडे बोट दाखवण्याआधी या क्रमाने तपासा

घनता ठीक, फ्लॅश पॉइंट ठीक, फ्रीझिंग पॉइंट ठीक, गम नगण्य, आणि शेवटी जेएफटॉटची, म्हणजे तापल्यावर इंधन धातूवर थर सोडतं का हे बघणाऱ्या चाचणीची, ट्यूब तपकिरी पट्टा घेऊन बाहेर येते. एटीएफच्या (विमानाच्या जेट इंधनाच्या) लॅबमध्ये काम करणाऱ्याला हे दृश्य नवीन नाही. एकदा झालं तर समजू शकतं. पण त्याच टाकीचं, त्याच प्रकारच्या मालाचं सॅम्पल पुन्हा पुन्हा फेल होऊ लागलं की लॅब म्हणते माल खराब, प्लांट म्हणतो लॅब चुकतेय, आणि मधल्या मध्ये टाकी अडकून पडते. हा गुंता मी बऱ्याचदा सोडवलाय. ज्या क्रमाने सोडवतो तोच इथे लिहितोय, फुकटातल्या तपासणीपासून खर्चिक तपासणीपर्यंत.

आधी लक्षणं नीट ओळखा

'फेल' या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि पुढची वाट त्यावरच ठरते.

पहिली: ट्यूबवर रंग चढलाय, कलर स्टँडर्डवर (तुलनेच्या रंगपट्टीवर) ३ किंवा त्याहून जास्त. हा नेहमीचा प्रकार. पट्टा ट्यूबच्या वरच्या अर्ध्या भागात, सगळ्या बाजूंनी सारखा बसलेला दिसतो.

दुसरी: मोरपंखी रंग. निळा, जांभळा, हिरवट झाक. थर इतका पातळ असतो की प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून हे रंग दिसतात. याला अंक देत नाहीत, 'पी' लिहितात, आणि तोही फेलच.

तिसरी: ट्यूब स्वच्छ, पण ट्यूबनंतर इंधन ज्या फिल्टरमधून जातं त्यावरचा दाबफरक २५ मिमी पाऱ्याच्या वर गेलाय.

चौथी: एका बाजूला ओघळ, एखादा ठिपका, बोटाच्या आकाराचा डाग. हा 'असामान्य' थर. नियमाने हाही फेल, पण असं दिसलं की मी मालाआधी माणसांकडे आणि मशीनकडे बघतो.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: दाबफरक कितव्या मिनिटाला वाढायला लागला. पहिल्या काही मिनिटांतच चढला असेल तर बहुधा सॅम्पलमध्ये कचरा आहे. तापून तयार झालेले कण फिल्टरवर साचायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे आलेख उशिरा वर वळतो.

ट्यूबमध्ये नेमकं काय घडतं

हे समजल्याशिवाय पुढच्या तपासण्या नुसती यादी वाटतील, म्हणून थोडं सविस्तर.

हवेला लागलेल्या एटीएफमध्ये वजनाने साधारण ६० ते ७० पीपीएम (दशलक्षात भाग) ऑक्सिजन विरघळलेला असतोच. साध्या तापमानाला तो निवांत असतो. इंधन १५० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की त्याला जाग येते. एखाद्या हायड्रोकार्बन रेणूतला हायड्रोजन निसटतो, उरलेला अर्धवट, चंचल तुकडा (फ्री रॅडिकल) ऑक्सिजनला धरतो, आणि तयार झालेला पेरॉक्सी रॅडिकल शेजारच्या रेणूतून हायड्रोजन ओढून घेतो. एक हायड्रोपेरॉक्साइड बनतं आणि एक नवा रॅडिकल मोकळा होतो. साखळी चालू. पुढे हायड्रोपेरॉक्साइड तुटलं की आणखी साखळ्या सुरू होतात. इंधनात गंधकाची, नत्राची संयुगं किंवा फिनॉल असतील तर ती या भानगडीत ओढली जातात, रेणू जोडले जाऊन मोठे होतात, विरघळेनासे होतात आणि तापलेल्या धातूवर चिकटतात. तळणीच्या कढईला बाहेरून जो चिवट तपकिरी थर बसतो, त्याच जातीचा हा थर.

विमानात हे का महत्त्वाचं? कारण जेट इंजिनात इंधन जळण्याआधी वंगणतेल थंड करायचं कामही करतं. तिथे ते तापतं, मग नॉझलच्या बारीक मार्गांतून जातं. त्या मार्गांत थर बसला की फवारा बिघडतो, ज्योत एका बाजूला झुकते, आणि गरम भागांवर नको तिथे उष्णता पडते. इंजिनात याला बरेच तास लागतात. जेएफटॉट तेच अडीच तासांत घडवून आणतो: ॲल्युमिनियमची ट्यूब २६० अंशांवर, इंधन मिनिटाला ३ मिलिलीटर, १५० मिनिटं. दाब ३.४५ मेगापास्कल ठेवतात, कारण तेवढ्या तापमानाला केरोसीन उकळून चालत नाही.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चाचणीआधी आपण प्रत्येक सॅम्पल हवेने संपृक्त करतो. म्हणजे ऑक्सिजन सगळ्यांना जवळपास सारखाच मिळतो. एक सॅम्पल पास आणि दुसरं फेल होतं ते ऑक्सिजन कमीजास्त असल्यामुळे नाही, तर त्याला इंधनात काय सापडलं यामुळे. म्हणून शोध ऑक्सिजनचा घ्यायचा नाही, त्याच्या साथीदारांचा घ्यायचा. ते साथीदार टाकीत असतात, सॅम्पलच्या डब्यात असतात, कधी आपल्या हातावरही असतात.

१. ट्यूब आणि तिचं वाचन (खर्च: काही नाही)

फेल झालेली ट्यूब पुन्हा लाइटबॉक्समध्ये बघा, दुसऱ्या प्रशिक्षित माणसाकडून, पहिला अंक त्याला न सांगता. तिन्ही बल्ब चालू आहेत ना, हे आधी पाहा. एक बल्ब गेला तर २ आणि ३ मधला फरक कळत नाही. डोळ्यांवर वाद होत असेल आणि तुमच्याकडे इंटरफेरोमीटर किंवा एलिप्सोमीटर असेल तर थराची जाडीच मोजा. मर्यादा ८५ नॅनोमीटर आहे, केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा म्हणा. एवढ्याशा थरावर अख्ख्या टाकीचं भवितव्य ठरतं, म्हणून वाचनात हयगय नको.

ट्यूब बसवण्याआधी कशी होती, त्याची नोंद आहे का? ओरखडा, खड्डा, आधीचाच डाग? मधल्या ६० मिमी भागाला बोट लागायला नको. घामाचा ठसा २६० अंशांवर छान उमटतो आणि मग तो 'असामान्य थर' म्हणून रजिस्टरमध्ये जातो. काढतानाही ट्यूब खालच्या टोकाला धरायची, हेप्टेनने वरून खाली धुवायची, पुसायची नाही.

ट्यूब आणि फिल्टर एकदाच वापरायचे असतात. हे सांगायची गरज पडू नये, पण सांगतो.

२. सॅम्पलचा डबा आणि सॅम्पल काढायची जागा (खर्च: एक नवा डबा)

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त 'खराब माल' इथे सापडतो.

डबा आतून इपॉक्सी लेप दिलेला हवा. लेप कुठे निघालाय का, हे टॉर्च घालून बघा. त्याच इंधनाने तीनदा विसळलाय ना? डबा आधी दुसऱ्या कशाला वापरला होता का? साबणाने धुतला होता का? साबणाचा अंशही पुरतो. काचेच्या बाटलीत सॅम्पल उजेडात ठेवलं असेल तर ते बाजूला ठेवा, उजेडानेही पेरॉक्साइड वाढतात.

मग डबा सोडा आणि टाकीपाशी जा. सॅम्पल ज्या नळातून घेतात तो हाताने तपासा. एका ठिकाणी सॅम्पल लाइन स्टेनलेस स्टीलची होती, सगळं कागदावर बरोबर होतं, पण शेवटचा छोटा कॉक पितळेचा निघाला. रंग मारलेला असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नव्हतं. नखाने रंग खरवडला तेव्हा पिवळं दिसलं. त्या कॉकमध्ये सॅम्पलच्या आधीचं इंधन रात्रभर साचून राहायचं आणि आपण तेच पहिलं डब्यात घ्यायचो. कॉक बदलला, लाइन आधी भरपूर वाहू दिली, आणि त्याच टाकीचा माल आरामात पास झाला. टाकीत वरून सोडायचा सॅम्पलर पितळेचा किंवा ब्राँझचा असेल तर तोही बदला.

तांब्यावर एवढा जोर का, ते वर सांगितलेल्या साखळीत आहे. तांबं हायड्रोपेरॉक्साइड फोडतं आणि स्वतः न संपता पुन्हा फोडत राहतं. पीपीएम सोडा, अब्जात काही दहा भाग तांबंसुद्धा पास इंधनाला फेल करू शकतं. जस्तही त्रास देतं, म्हणून गॅल्व्हनाइज्ड बादली या कामात नको.

इथे नवीन डब्यात, योग्य ठिकाणाहून, दोन माणसांच्या समोर नवं सॅम्पल घ्या. जुनंही टाकू नका.

३. हवा भरण्याची पायरी (खर्च: सिलिका जेल)

मशीनमध्ये घालण्याआधी सॅम्पल कागदातून गाळतात आणि त्यात ६ मिनिटं, मिनिटाला दीड लिटरने कोरडी हवा सोडतात. तेव्हा इंधनाचं तापमान १५ ते ३२ अंशांत हवं. मे महिन्यात विदर्भात उन्हातल्या टँकरमधून आलेलं सॅम्पल थेट घेतलं तर ही अट मोडते. पाण्याच्या टबात डबा ठेवून तापमान आधी खाली आणा.

हवा कोरडी करणारं सिलिका जेल बघा. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात ते फार लवकर गुलाबी होतं, आणि बदलायचं कोणाच्या शिफ्टमध्ये हे ठरलेलं नसतं. हवा कंप्रेसरची असेल तर त्यात तेलाची वाफ येत नाही ना? काचेची बुडबुड्यांची नळी स्वच्छ आहे ना? मागच्या सॅम्पलचा अंश तिच्या छिद्रांत बसतो. हवा भरल्यावर तासाभरात चाचणी सुरू व्हायला हवी. जेवणाच्या सुट्टीत सॅम्पल तसंच ठेवू नका.

४. मशीन (खर्च: वेळ, सॉल्व्हंट, एखादी ओ-रिंग)

प्रवाह आधी मोजा. जुन्या मशीनवर थेंब मोजून करतात: २० थेंब, ९ सेकंद, इकडेतिकडे एक सेकंद. प्रवाह कमी पडला की इंधन ट्यूबपाशी जास्त वेळ राहतं, जास्त तापतं, आणि निर्दोष माल रंगतो.

तापमान हा सगळ्यात मोठा संशयित. थर बसायचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) काही अंश कमी दाखवत असेल तर ट्यूब खरी तेवढी जास्त तापते आणि मालाला विनाकारण शिक्षा होते. शुद्ध कथिलाच्या वितळणबिंदूवर, म्हणजे २३१.९ अंशांवर, थर्मोकपल तपासा. तो ट्यूबमध्ये ठरलेल्या उंचीवर आहे का, हेही मोजा. त्याचं टोक सर्वांत गरम बिंदूपासून सरकलं की नियंत्रक त्या चुकीच्या वाचनावर विश्वास ठेवून ट्यूब भाजत राहतो.

मग सफाई. टेस्ट सेक्शन उघडा, ॲसिटोन, टोल्युइन आणि आयसोप्रोपॅनॉल यांचं समप्रमाणातलं मिश्रण आणि नायलॉनचा ब्रश घ्या. मागचं सॅम्पल जोरात फेल झालं असेल तर त्याचे अवशेष पुढच्याला फेल करतात. एकामागून एक फेल निकाल येऊ लागले की मी हेच पहिल्यांदा धरतो. ट्यूब स्वच्छ आणि दाबफरक जास्त असेल तर ०.४५ मायक्रॉनचा आधीचा फिल्टर नीट बसलाय का, हे पाहा.

सफाई झाल्यावर ज्याचा निकाल पक्का माहीत आहे असं राखलेलं सॅम्पल चालवा. ते पास झालं तर मशीन ठीक. ते फेल झालं तर टाकीबद्दल बोलायचा अधिकार अजून तुम्हाला मिळालेला नाही.

इथे एक मर्यादा. ही ट्यूब तिच्यातून मोठा विद्युतप्रवाह सोडून तापवली जाते. बसबारचं (ट्यूबला वीज पोचवणाऱ्या जाड पट्ट्यांचं) थंड पाणी बंद पडत असेल, जोडावर काळं पडत असेल, तापमान हेलकावत असेल किंवा दाबाखाली गळती दिसत असेल तर मशीन बंद करा आणि सर्व्हिस इंजिनिअर बोलवा. एवढं तापलेलं केरोसीन दाबाखाली फुटून बाहेर येणं हा लॅबमध्ये हाताळायचा विषय नाही.

५. इंधनाची झडती (खर्च: बऱ्याच ट्यूब आणि दिवस)

नवं सॅम्पल, स्वच्छ मशीन, राखलेलं सॅम्पल पास, तरी टाकीचं फेल. आता दोष इंधनात आहे असं म्हणता येतं. पुढे कारण शोधायचंय, आणि त्यासाठी लहान लहान प्रयोग करावे लागतात. यांचे निकाल प्रमाणपत्रावर जात नाहीत, ते फक्त दिशा दाखवतात.

ब्रेकपॉइंट काढा. २६० वर फेल, मग २५५, २५०, २४५ असं खाली येत ते कुठे पास होतं ते बघा. २५५ वर पास होणारं इंधन आणि २३० वरही फेल होणारं इंधन, दोघांचे आजार वेगळे असतात. प्रत्येक बॅचचा ब्रेकपॉइंट आधीपासून काढत असाल तर घसरण फेल होण्याच्या कितीतरी आधी दिसते. हा खर्च करायला व्यवस्थापन तयार नसतं. मी मात्र नेहमी त्यासाठी भांडतो.

नायट्रोजन सोडा. सॅम्पलमधला ऑक्सिजन नायट्रोजनने हुसकावून चाचणी चालवा. ट्यूब स्वच्छ आली तर थर ऑक्सिडेशनचाच आहे हे नक्की. तरीही डाग आला तर कचरा, सफाईचं रसायन किंवा असंच काही बाहेरचं मिसळलंय का ते शोधा.

थोडं सॅम्पल क्लेमधून (घाण शोषून घेणाऱ्या मातीतून) गाळा. क्लेनंतर पास झालं तर दोष ध्रुवीय घाणीचा, सर्फॅक्टंटचा (साबणासारख्या रसायनाचा) किंवा धातूचा आहे, आणि प्लांटमधला क्ले ट्रीटर थकलाय का हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

तांब्याचा संशय असेल तर लॅबमधल्या सॅम्पलमध्ये मेटल डीॲक्टिव्हेटर, लिटरला २ मिलिग्रॅम, घालून बघा. ट्यूब एकदम साफ झाली तर संशय बळावतो. इथे जपून. हे रसायन तांब्याला बांधतं तसं तापलेल्या ट्यूबच्या पृष्ठभागावरही बसतं, त्यामुळे तांबं नसतानाही ट्यूब चांगली दिसू शकते. खात्री ग्रॅफाइट फर्नेसच्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर तांबं मोजूनच होते. आणि याच कारणासाठी, मूळ मालाचा निकाल हातात नसताना डीॲक्टिव्हेटर घालून प्रमाणपत्र काढणं म्हणजे विमान कंपनीची फसवणूक आहे.

आता मालाच्या जन्माकडे. हायड्रोट्रीटेड (हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं) केरोसीन आणि थेट ऊर्ध्वपातनातून आलेलं केरोसीन यांची वागणूक उलट असते, आणि इथे अनुभवी माणसंही गोंधळतात. हायड्रोट्रीटिंगमध्ये गंधक-नत्राची संयुगं निघून जातात. तीच संयुगं ऑक्सिडेशनला नैसर्गिक लगामही घालत असतात. म्हणून हायड्रोट्रीटेड माल ऑक्सिजन भराभर खातो, पण थर कमी देतो, कारण चिकटायला लागणारी सामग्रीच त्यात कमी असते. थेट ऊर्ध्वपातनाचा माल ऑक्सिजन हळू खातो, पण जे खातो त्यातून थर जास्त काढतो. दोन्ही एकत्र झाले की एकाचा वेग आणि दुसऱ्याची सामग्री जुळू शकते. वेगवेगळे पास झालेले दोन माल मिसळल्यावर ट्यूब रंगली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. टाकीत कोणत्या बॅचवर कोणती बॅच पडली, याची नोंद काढा.

हायड्रोट्रीटेड मालात ऑक्सिडेशनरोधक, म्हणजे हिंडर्ड फिनॉल, लिटरला १७ ते २४ मिलिग्रॅम घालतात. तो हवा लागण्याआधीच, प्लांटमधून टाकीकडे जाताना पडायला हवा. डोसिंग पंप रात्री बंद पडला आणि सकाळी टाकीत हिशेबाने भर घातली, तर आकडा बरोबर येतो पण मधल्या तासांत तयार झालेले पेरॉक्साइड परत जात नाहीत. पंपाचा लॉग आणि पेरॉक्साइडची चाचणी शेजारी ठेवून वाचा.

राहता राहिली टाकी: तळाचं पाणी, नव्याने दिलेलं कोटिंग, दुरुस्तीत कोणी जोडलेली तांब्याची नळी, आधी दुसरं उत्पादन वाहिलेली लाइन. फिरून, डोळ्यांनी बघा.

कधी थांबायचं

नवं सॅम्पल, तपासलेलं मशीन, आणि शक्य असेल तर दुसऱ्या लॅबचा निकाल, तिन्ही फेल सांगत असतील तर ट्यूब जाळत बसू नका. पास येईपर्यंत चाचणी करायची आणि पास आलेलं पान जोडायचं, याला चाचणी म्हणत नाहीत. अंकांची सरासरीही काढता येत नाही. टाकी बंद करा, सील करा, टॅग लावा आणि विषय क्वालिटी प्रमुख आणि प्रोसेसच्या लोकांकडे लेखी सोपवा. पुन्हा प्रक्रिया करायची, क्लेमधून काढायचं की दुसऱ्या उत्पादनात उतरवायचं, हा निर्णय लॅबचा नाही.

ॲडिटिव्ह टाकून वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणीतरी देतंच. अमेरिकी हवाईदलाने १९९० च्या दशकात जेपी-८+१०० आणलं, त्यातल्या ॲडिटिव्हने इंधनाची सहनशक्ती १६३ वरून २१८ अंशांपर्यंत नेली, हे खरं आहे. पण त्यातला डिस्पर्संट (कण पसरवून ठेवणारं रसायन) पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरना निकामी करतो, म्हणून ते विमानाच्या अगदी जवळ, वेगळ्या व्यवस्थेत घालतात. नागरी टाकीतला दोष झाकायला ते नाही.

आणि यातला थोडाही माल आधीच बाहेर गेला असेल, विमानतळाच्या टाकीत किंवा विमानात, तर पुढची तपासणी पूर्ण व्हायची वाट न बघता त्याच तासाला कळवा. नॉझल बघायचे, बोअरस्कोप (इंजिनाच्या आत बघायची नळी) घालायचा, विमान उडवायचं की थांबवायचं, हे परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअर आणि विमान कंपनी ठरवतील. त्यांना बॅच नंबर, टाकी नंबर, पाठवलेलं प्रमाण, दोन्ही सॅम्पलचे निकाल, ट्यूबचे नंबर आणि राखलेल्या सॅम्पलची जागा, एवढं एका पानावर द्या. फेल झालेल्या ट्यूब त्यांच्या मूळ नळकांड्यांत, नंबरासकट जपून ठेवा, कारण पहिल्यांदा त्याच मागितल्या जातात.